कोठीच्या खोलीत पेटी: बिनवापराची खोली छंदासाठी कशी तयार करावी

आमच्या माजघरामागे दहा बाय बाराची एक खोली आहे. तिला घरात अजूनही कोठीच म्हणतात. पूर्वी सुगी संपली की तिथे भाताची पोती आढ्यापर्यंत रचलेली असत. आता मळणी मशीनवरून भात थेट मिलला जातो, वर्षाचे तांदूळ दोन पिंपांत मावतात आणि कोठीत राहतात ती लग्नाकार्याची पातेली, मोडका पंखा, बारदाने आणि उंदीर. बेळगाव-खानापूरकडच्या कुठल्याही जुन्या घरात अशी एक खोली असतेच. शहापूर-वडगावात ती कापड विणायच्या मागाची खोली असते, निपाणीकडे तंबाखूची. काम संपले, खोली उरली.

मी ती खोली पेटीच्या रियाजासाठी तयार केली. त्याला दोन पावसाळे लागले. पहिल्या वर्षी दिवाळीत घाईने रंग लावून घेतला आणि पुढच्या आषाढात भिंतीचे पोपडे हातात आले. तेव्हापासून कोणी विचारले की मी एकच सांगते: आपल्या भागात खोली सजवायच्या आधी तिला एक पावसाळा बघायचे. छंद शिवणाचा असो, चित्रांचा, पुस्तकांचा की गाण्याचा, पहिली लढाई ओलीशी आहे.

एक पावसाळा नुसती बघा

मृग लागला की खोलीत एक सतरंजी, एक दिवा आणि तुमच्या छंदाचे अगदी मोजके सामान न्या. बाकी काही आणू नका, काही विकत घेऊ नका. रोज अर्धा तास तिथे बसा. तरणा आणि म्हातारा पाऊस, म्हणजे पुनर्वसू आणि पुष्य, साधारण 5 जुलैपासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत, ही खरी परीक्षा. जांबोटी-कणकुंबीच्या बाजूला तर त्या दिवसांत चुलीजवळचे कपडेही वाळत नाहीत.

एक वही ठेवा. कुठल्या कौलातून थेंब येतो, भिंत जमिनीपासून किती उंचीपर्यंत काळवंडते, कुबट वास सकाळी जास्त येतो की रात्री, दुपारी किती वाजता उजेड पुरेसा असतो, शेजारच्या घरातला टीव्ही किती ऐकू येतो, हे सगळे तारखेसह लिहा. भिंतीवर ओलीच्या वरच्या कडेला पेन्सिलने रेघ मारून तारीख घाला. पंधरा दिवसांनी रेघ ओलांडली का, ते दिसते. हवेतला दमटपणा दाखवणारे छोटे डिजिटल यंत्र काही शे रुपयांना मिळते. ते नक्की घ्या, कारण पुढचे बरेच निर्णय त्यावर ठरतात. लाकडी वाद्ये, कापड आणि कागद यांना 45 ते 60 टक्के दमटपणा मानवतो. 70 टक्क्यांच्या वर बरेच दिवस राहिला की बुरशी धरते.

ओल भिंतीतून येते की हवेतून, हे ओळखायला सोपी चाचणी आहे. दीड फूट लांब-रुंद प्लॅस्टिकचा जाड कागद जमिनीवर ठेवून चारी कडा चिकटपट्टीने पक्क्या बंद करा. भिंतीवरही असाच एक लावा. एक दिवस जाऊ द्या. कागदाच्या आतल्या बाजूला थेंब जमले तर पाणी जमिनीतून किंवा भिंतीतून येते आहे. बाहेरच्या बाजूला दमट झाले तर ती हवेतली ओल, गार फरशीवर उतरलेली. दोन्हींचे उपाय पूर्ण वेगळे आहेत, आणि माझे पहिल्या वर्षीचे पैसे वाया गेले ते हा फरक न कळल्यामुळे. पाणी भिंतीच्या पायातून चढत होते आणि मी भिंतीवर वॉटरप्रूफ रंग लावत होते.

रिकामी करताना

धान्याच्या खोलीत कोरडा झाडू मारू नका. वर्षानुवर्षांचा तुसाचा बारीक कोंडा, सोंडे, उंदरांच्या लेंड्या, सगळे हवेत उडते. तोंडाला मास्क बांधा, आधी दारे-खिडक्या दिवसभर उघडून ठेवा, मग भुसा थोडा ओला करून जमिनीवर पसरा आणि त्यासकट झाडून घ्या.

ओले करण्याआधी मात्र एक बघायचेच. धान्याला कीड लागू नये म्हणून ठेवायच्या विषारी गोळ्या, म्हणजे अॅल्युमिनियम फॉस्फाईड, जुन्या कोठीत कुठेतरी कोनाड्यात नळीत पडलेल्या असतात. ओल लागली की त्यांतून फॉस्फीन वायू सुटतो आणि तो जीव घेतो. अशी नळी सापडली तर उघडून बघू नका, पाणी लावू नका, कचऱ्यात टाकू नका. मुलांना लांब ठेवा, खोली उघडी टाका आणि जवळच्या रयत संपर्क केंद्रात, म्हणजे शेतीखात्याच्या कार्यालयात, किंवा शेतीऔषधांच्या दुकानात विचारून त्यांच्या सांगण्याप्रमाणे विल्हेवाट लावा.

मागाची खोली असेल तर जमिनीत खड्डामागाचा खड्डा असू शकतो. तो नुसत्या मातीने भरून वर फरशी बसवली तर वर्षभरात खचते. दगड-मुरूम थराथराने घालून, पाणी मारून, प्रत्येक थर चोपून भरावा लागतो. तंबाखूच्या खोलीचा वास अगरबत्तीने जात नाही. लाकडी फळ्या उन्हात घालायच्या आणि भिंतींना चुन्याचे दोन-तीन हात द्यायचे.

सामानाचे काय करायचे, यावर घरात बोलणे होणारच. आमच्या आत्ती, म्हणजे सासूबाई, दारात उभ्या राहून म्हणाल्या, “खोली रिकामी करुलालीस, खरं लग्नाकार्याची भांडी कुठं ठेवायची?” त्यांचे बरोबर होते. पातेली माळ्यावर गेली, पण त्याआधी माळ्यावर दोन नव्या फळ्या टाकल्या आणि कुठले भांडे कुठे आहे, ते आत्तींना दाखवून दिले. कोणाच्या तरी आठवणीची वस्तू त्यांना न विचारता भंगारात घालू नका. खोली मिळेल, पण त्या खोलीत बसून वाजवावेसे वाटणार नाही.

भिंती, जमीन, कौले

आधी बाहेरून सुरुवात करा. खोलीच्या मागे परड्यात जा आणि पागोळ्या कुठे पडतात ते बघा. वर्षानुवर्षे शेणमाती, पाचोळा, केरकचरा साचून परड्याची जमीन खोलीतल्या जमिनीपेक्षा वर आलेली असते. मग पाणी आत येणारच. भिंतीलगतची माती काढून ती आतल्या जमिनीपेक्षा निदान सहा इंच खाली न्या. पागोळ्यांच्या रेषेत दगडी पन्हळ किंवा उतार असलेली चर करा, पाणी घरापासून लांब जाऊ द्या. आमच्या खोलीची निम्मी ओल या एका कामाने गेली. त्याला दोन माणसांची एक दिवसाची मजुरी आणि टिकाव-खोरे एवढेच लागले.

आता भिंत. आपल्याकडच्या जुन्या भिंती जांभ्याच्या किंवा दगड-मातीच्या. त्या पाणी शोषतात आणि सोडतातही. अशा भिंतीला सिमेंटचा गिलावा केला की तिचा श्वास कोंडतो. आत अडकलेले पाणी गिलाव्यामागून वर चढते आणि तीन फुटांवर दिसणारी ओल पाच फुटांवर दिसू लागते. वर पांढरा लोणा फुटतो. लोणा पाण्याने धुऊ नका, क्षार विरघळून पुन्हा भिंतीत जातात. कोरड्या ब्रशने झाडून गोळा करा आणि टाकून द्या. सुटलेला सिमेंटचा गिलावा काढून चुन्याचा गिलावा करणारा गवंडी मिळाला तर उत्तम. जुन्या देवळांची डागडुजी करणाऱ्यांना विचारा, त्यांच्याकडे हे काम असते.

रंगाऐवजी मी चुनाच दिला. कळीचा चुना पत्र्याच्या पिंपात पाण्यात थोडा-थोडा सोडायचा, कारण तो उकळतो आणि उडतो, डोळ्याला चष्मा हवाच. एक दिवस-रात्र मुरू द्यायचा, फडक्याने गाळायचा, थोडा सरस किंवा डिंक मिसळायचा आणि दुधाइतका पातळ करायचा. भिंतीवर आधी पाण्याचा हबका मारून मग ब्रशने पातळ हात द्यायचे, एकावर एक तीन. जाड दिला की तो पापुद्र्यासारखा सुटतो. हे काम दिवाळीनंतर करावे, म्हणजे भिंतीला वाळायला पूर्ण हिवाळा-उन्हाळा मिळतो. गणपतीच्या आधी गडबडीत रंग द्यायची आपल्याकडची सवय घराच्या बाहेरच्या खोल्यांना ठीक आहे, ओल असलेल्या खोलीला नाही.

पूर्वेकडे, काळ्या मातीच्या पट्ट्यात घर असेल तर ओलीपेक्षा भेगांची काळजी जास्त. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे भिंतीतली भेग मे महिन्यात उघडते आणि ऑगस्टमध्ये मिटते. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख लिहा. ती खुणेपुढे वाढत असेल, दार चौकटीत अडकू लागले असेल, तर लिंपून झाकू नका, इंजिनिअरला दाखवा.

कौले उन्हाळ्यात चाळून घ्यायची हे कोणी सांगायला नको. त्याच वेळी एक करा: दोन-तीन मंगलोरी कौलांच्या जागी काचेची कौले बसवा. कोठीच्या खोलीला मुद्दाम लहान झरोका ठेवलेला असतो, धान्याला उजेड नको म्हणून. काचेच्या दोन कौलांनी ती खोली दिवसा दिवा न लावता वापरता येते. फक्त ऊन सरळ वाद्यावर किंवा पुस्तकांवर पडणार नाही, अशी जागा निवडा. उन्हाचा कवडसा कसा सरकतो, ते वहीत लिहिलेले असेलच.

जमिनीवर शहाबादी असेल तर ती पावसाळ्यात घाम फुटल्यासारखी ओलसर होते. तिच्यावर प्लॅस्टिकची चटई अंथरू नका, खाली बुरशी होते. आमच्याकडे पोत्यांखाली घालायच्या जाड फळ्या होत्या. त्या घासून, उन्हात वाळवून, दोन-दोन इंचांच्या रिपांवर ठोकून सहा बाय चारचा बुटका ओटा केला. खालून हवा खेळते, वर सतरंजी, दोन माणसे मांडी घालून सहज बसतात. फळ्यांना वाळवीच्या मातीच्या नळ्या दिसल्या तर ते लाकूड खोलीत आणूच नका. कपाट, रॅक, काहीही ठेवाल ते भिंतीपासून चार बोटे लांब.

वीज

यात कसर करू नका. जुन्या खोलीतली लाकडी बॅटन पट्टीवरची वायर कितीही चालू दिसली तरी काढून टाका, तिचे आवरण कडक होऊन तडकलेले असते. दिव्या-पंख्याला दीड चौरस मिलिमीटरची, इस्त्री किंवा मोटारीच्या शिवणयंत्रासाठीच्या प्लगला अडीचची वायर. अर्थिंग खरोखर आहे का, ते वायरमनकडून मीटर लावून तपासून घ्या. तीन भोकांचा प्लग दिसला म्हणजे अर्थिंग आहे असे नव्हे. ओलसर खोलीला 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच, लावाच. बोर्ड जमिनीपासून चार-साडेचार फुटांवर घ्या आणि ओल येणाऱ्या भिंतीवर मुळीच नको.

दिवे दोन हवेत. एक सगळ्या खोलीला पुरणारा, दुसरा जिथे हात चालतो तिथे. शिवणाला, चित्राला, वाचनाला पांढरा प्रकाश बरा. उजव्या हाताने काम करणाऱ्याला तो डावीकडून यायला हवा, म्हणजे हाताची सावली कामावर पडत नाही. गाणाऱ्याला पिवळसर दिवा पुरतो.

आवाज

रिकाम्या खोलीच्या मध्ये उभे राहून एक कडक टाळी वाजवा. टाळीमागे “टर्रर्र” अशी शेपटी ऐकू आली तर आवाज समोरासमोरच्या दोन भिंतींत आपटतो आहे. अशा खोलीत पेटी गोंगाटासारखी वाटते आणि स्वर नीट लागला की नाही, तेच कळत नाही. उपाय घरातच असतो. जुनी वाकळ किंवा जाड घोंगडे भिंतीवर टांगा, पण भिंतीला चिकटवून नको. वर आडवी काठी घेऊन दोन-तीन इंच पुढे सोडा. मागे मोकळी जागा असली की खालचे सूरही थोडे जास्त शोषले जातात, शिवाय भिंतीची ओल कापडाला लागत नाही. समोरासमोरच्या दोन्हींपैकी एकाच भिंतीला लावले तरी पुरते. सगळ्या भिंती झाकल्या तर खोली मुकी होते आणि गाणाऱ्याला उगाच जोर लावावा लागतो. पुस्तकांचे उघडे रॅकही छान काम करते, कारण लहान-मोठ्या पुस्तकांवर आवाज विस्कटतो. दर थोड्या बदलानंतर पुन्हा टाळी वाजवून ऐका.

पण हे आतल्या आवाजाचे झाले. वाकळीने आवाज बाहेर जायचा थांबत नाही. अंड्यांचे ट्रे लावण्याचा सल्ला बरेच जण देतात, त्यानेही थांबत नाही. आवाज बाहेर जातो तो फटींतून आणि हलक्या आडोशातून. जुन्या फळ्यांच्या दारातल्या फटी लाकडी पट्ट्यांनी बुजवा, चौकटीला रबराची पट्टी लावा, दाराखाली जाड फडक्याची गुंडाळी ठेवा. कौलारू छतातून मात्र आवाज जाणारच, ते मान्य करून वेळ ठरवा. कायद्याने रात्री 10 ते सकाळी 6 ही रात्र धरली जाते आणि राहत्या वस्तीत मर्यादा दिवसा 55, रात्री 45 डेसिबल आहे. मला त्या आकड्यापेक्षा शेजाऱ्यांशी झालेले बोलणे जास्त उपयोगी पडले. आमच्या भिंतीला भिंत लागून राहणारे कन्नड मास्तर पहाटे कन्नड संतकवी पुरंदरदासांची पदे म्हणतात. मी त्यांना वेळ विचारायला गेले आणि आता ते गुरुवारी संध्याकाळी याच खोलीत येऊन म्हणतात, मी पेटी धरते. एकादशीला आमच्या गल्लीतल्या बायकांचे भजन इथेच होते, तेव्हा तेच मास्तर टाळ घेऊन मागे बसतात. कुमार गंधर्वांचा जन्म 1924 साली इथून जवळच सुळेभावीत झाला. कानडी घरातला तो मुलगा पुढे मराठी माणसांना आपलाच वाटला. आपल्या भागात गाण्याची खोली दोन्ही भाषांची असावी, असे मला मनापासून वाटते.

वाद्ये आणि सामान पावसाळ्यात

पावसाळ्यात खिडकी उघडली की खोली वाळते, हा समज चुकीचा आहे. बाहेरच्या हवेत 90 टक्के दमटपणा असताना खिडकी उघडली तर ओलच आत येते. बाहेरचा आणि आतला आकडा यंत्रावर बघा, बाहेर कमी असेल तेव्हाच उघडा. ते बहुधा उघडीप पडलेल्या दुपारी असते. रात्री बंद ठेवा आणि पंखा हळू फिरू द्या, कारण फिरत्या हवेत बुरशी लवकर धरत नाही.

बंद कपाटात जुना 40 वॅटचा पिवळा बल्ब लावायची रीत खरोखर शास्त्राला धरून आहे. हवा दहा अंशांनी तापली की तिचा सापेक्ष दमटपणा साधारण निम्म्यावर येतो. एलईडीने हे होत नाही, तो पुरेसा तापत नाही. बल्ब कापडापासून आणि वाद्यापासून निदान फूटभर लांब, जाळीच्या आड हवा. सिलिका जेलच्या पुड्या छोट्या डब्याला चालतात. निळे खडे गुलाबी झाले की त्यांचे काम संपले, ते मंद आचेवर वाळवून पुन्हा वापरता येतात, पण स्वयंपाकाच्या भांड्यात नको.

पेटी कधी थेट जमिनीवर ठेवू नका, खाली पाट हवा. भाता बंद, खटके आत, वर सुती कापड. प्लॅस्टिकची पिशवी पावसाळ्यात घालूच नये, आत पाणी धरते आणि पट्ट्यांखालच्या स्प्रिंगा गंजतात. उंदरांना भात्याचे कापड आणि चामडे आवडते, म्हणून कोठीच्या खोलीतली सगळी बिळे-फटी काचेचे तुकडे आणि सिमेंट घालून आधीच बुजवा. आणि रोज वाजवा. दहा मिनिटे भाता चालला तरी आत हवा खेळते. महिनाभर बंद राहिलेली पेटी श्रावणात काढली की एक-दोन पट्ट्या अडकलेल्या असतातच.

तबल्याची पुडी दमट हवेत सैल पडते आणि सूर उतरतो, फाल्गुन-चैत्रात तीच चढते. सैल झाली म्हणून शेगडीजवळ धरू नका, शाईला तडे जातात. वाजवून झाल्यावर कोरड्या फडक्याने हाताचा घाम पुसा आणि जाड कापडाच्या आवरणात, चुंबळीवर ठेवा. तंबोरा असेल तर भिंतीला टेकवू नका, आडवा, गवसणीत, ओट्यावर. तारा-घोडी दाखवायला मिरज आपल्याला रेल्वेने जवळ आहे, तिथले सतारमेकर पिढ्यानपिढ्या हे काम करतात. पावसाळ्याच्या आधी, मे महिन्यात जाऊन यावे.

पुस्तकांच्या खोलीसाठी एवढेच: खालचा कप्पा रिकामा ठेवा, वाळवी खालून येते.

घरातली माणसे

खोलीला कुलूप लावू नका. आमच्याकडे दुपारी दोन ते चार आत्ती तिथे वाती वळतात, संध्याकाळी सहानंतर ती माझी, परीक्षेच्या दिवसांत मुलाची. वेळ दाराच्या आत खडूने लिहिलेली आहे. कोणाचेही सामान दुसऱ्याच्या वेळेत ओट्यावर राहायचे नाही, म्हणून दारामागे तीन खुंट्या आणि तीन पिशव्या आहेत. रिकामी जागा दिसली की घरातला नको असलेला डबा, खोके तिथे येऊन बसतेच. त्यासाठी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी ओट्याखाली वाकून बघायचे, आणि जे आले असेल ते त्याच दिवशी ज्याचे त्याला परत द्यायचे.

यंदा मृगाच्या आधी माझी दोन कामे राहिली आहेत. पश्चिमेच्या काचेच्या कौलाच्या कडेने मागच्या म्हाताऱ्या पावसात थेंब येत होता, ते कौल बदलायचे आहे. आणि परड्यातली चर पाचोळ्याने भरली आहे, ती मे संपायच्या आत उपसायची.